तेरा झोळ्यांची शाळा

वेसाव्याच्या धक्क्यावर पद्मजा कर्णिक चपला काढून हातात घ्यायची, पातळ वर खोचायची आणि लहूच्या होडीत पाय टाकायची. काखेत छत्री, एका हातात चपला, दुसऱ्या हाताने होडीची कड धरलेली आणि पिशवीचा बंद दातांत. पलीकडे मढच्या वाळूवर उतरली की पहिलं काम चपला घालायचं. मास्तरीण अनवाणी दिसता कामा नये, असा तिचा नेम होता.

लहू रोज खोडी काढायचा. "बाय, इथं समदी अनवाणीच हायत. तुजे चपला कोन बघतंय?"

"मुली बघतात."

"पोरी शाळेन आयल्या तर बघतील ना."

हे तिला लागायचं, कारण ते खरं होतं.

साल एकोणीसशे चोपन्न. मढच्या कोळीवाड्यात मुलींची एक शाळा होती, एकाच शिक्षिकेची. कौलारू लांबट खोली, पुढे पडवी, बाजूला कागद-नकाशे ठेवायची अंधारी कोठी. शाळेला लागून जाळी ठेवायची एक खोप आणि तिच्यापुढे थेट समुद्रापर्यंत बोंबील वाळत घालायचे बांबू. पटावर चौतीस मुली. जूनमध्ये त्यातल्या तीस-बत्तीस यायच्या, कारण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत आणि आया घरी असत. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, की वर्ग ओस. आया सकाळीच पाट्या डोक्यावर घेऊन अंधेरी, मालाड, पार्ल्यापर्यंत जायच्या आणि घरातलं तान्हं नऊ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर यायचं. पद्मजासमोर उरायच्या आठ मुली. त्यातल्या दोघी पेंगत असायच्या.

जानेवारीत तपासनीस साहेब येऊन गेले होते. उंच, किडकिडीत, काळी टोपी घालणारा माणूस. आठ मुलींची परीक्षा घेऊन ते म्हणाले होते, "बाई, तुमचं शिकवणं चांगलं आहे. पण आठ मुलींसाठी शाळा चालवता येत नाही. यंदाच्या दिवाळीनंतर मी पुन्हा येईन. पंचवीस मुली दिसल्या तर ठीक. नाहीतर ही शाळा मुलांच्या शाळेत जाईल आणि तुमची जागा रद्द होईल."

"मुलांच्या शाळेत या मुली जाणार नाहीत, साहेब."

"ते मलाही माहीत आहे," साहेब म्हणाले. पद्मजाला तेव्हा आठवा महिना होता. तिच्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "तोवर तुमचंही काय ते ठरेल."

फेब्रुवारीत नीला झाली. आणि पद्मजाचं जे ठरलं ते असं, की जूनच्या पहिल्या दिवशी ती पुन्हा लहूच्या होडीत होती, पिशवीचा बंद दातांत धरून.

का, ते तिला नीट सांगता यायचं नाही. घरी कुणी विचारलं की ती जयाची गोष्ट सांगायची. जया तिसरीतली, पार्वती कोळणीची मुलगी. पार्वतीची पाटी बाजारात दुसऱ्या कोळणींच्या पाट्यांत नेहमी मिसळायची, भांडणं व्हायची. एक दिवस जयानं खडू घरी नेला आणि पाटीच्या बुडाला आईचं नाव लिहिलं. 'पा' जरा तिरका आला होता. पार्वती ती पाटी उलटी धरून सगळ्या वाड्यात दाखवत फिरली होती. त्यानंतर पावसाळा संपला आणि जया शाळेत यायची बंद झाली.

पद्मजा तिच्या घरी गेली. अंधेरीला आपल्या दारात मासळी घेऊन येणाऱ्या पार्वतीला ती 'अगं पार्वती' म्हणायची, पण मढला आली की 'पार्वतीबाई'.

"पार्वतीबाई, जयाला पाठवा."

"मंग ह्याला कोन धरंल?" पार्वतीनं सात महिन्यांच्या माणिककडे बोट दाखवलं. "तू?"

पद्मजाच्या स्वतःच्या लेकीला त्या घटकेला अंधेरीत तिची सासू धरून बसली होती, म्हणून तर ती इथे उभी होती. ती पायऱ्या उतरली, चार पावलं गेली आणि परत आली.

"ह्याला घेऊनच पाठवा."

"शाळेन?"

"शाळेत."

दुसऱ्या दिवशी जया माणिकला घेऊन आली. आईचं जुनं लुगडं आणि जाळ्याचा दोर घेऊन आली, बाकावर चढली, तुळईला झोळी बांधली, भावाला आत टाकला आणि पायाच्या अंगठ्याला दोरी अडकवून पाटीवर शुद्धलेखन घेऊ लागली. चार दिवसांत झोळ्या पाच झाल्या. दसऱ्यापर्यंत बारा. हजेरी कधी तीस, कधी एकतीस. पद्मजाला नव्यानं शिकवायला शिकावं लागलं. पाढे झोक्याच्या चालीवर जायला लागले. इतिहास हळू आवाजात आणि भूगोल त्याहून हळू, कारण त्या वेळी सगळी पोरं झोपायची. एखादं उठलंच तर जिचं असेल ती उठायची, त्याला कडेवर घ्यायची आणि उभ्यानेच उत्तर द्यायची.

दसऱ्याला सासूबाई थोरल्या नणंदेच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या. तीन महिन्यांसाठी.

"मी आहे ना," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे पद्मजाचे सासरे. पोस्टात चाळीस वर्षं काढलेले, कमी बोलणारे, पंचा नेसून बसलेले. नातीला मांडीवर घेऊन ते बोंडल्याने दूध पाजायचे, खांद्यावर टाकून ढेकर काढायचे आणि जिन्यावरून जाणाऱ्या येणाऱ्यांच्या नजरांकडे लक्ष द्यायचे नाहीत. समोरचे बिऱ्हाडकरू एकदा म्हणाले होते, "काय अण्णा, नवी नोकरी?" अण्णा म्हणाले, "हो. पेन्शन नाही, पण काम बरं आहे."

दिवाळीची सुट्टी संपली आणि तिसऱ्या दिवशी पद्मजा नेहमीपेक्षा लवकर घरी आली. दार लोटलेलं होतं. अण्णा पाठमोरे बसले होते, नीला मांडीवर. त्यांनी उजव्या हातात बोंडलं धरलं, डाव्या हाताच्या अंगठ्याने नीलाचा गाल चाचपला, मग हनुवटी, मग ओठ, आणि ओठ सापडल्यावर बोंडल्याची चोच अंगठ्याच्या कडेकडेने आत नेली. तरी थोडं दूध मानेवर ओघळलं. नीलाच्या झबल्याचा गळा वाळून कडक झाला होता. हे कडक झबलं पद्मजा रोज धुवत होती, आणि पोरगी दूध ओकते असं समजत होती.

"अण्णा."

"कोण? पद्मा?" ते तिच्या डावीकडे बघत म्हणाले. ती उजवीकडे उभी होती.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"दिसत नाही त्याला."

"दिसतं की. जरा धुकं आहे."

"अण्णा."

"गणपतीपासून," अण्णा म्हणाले. "मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, पिकलाय, काढून टाकू. मी म्हटलं, जानेवारीत बघू."

"आणि आम्हाला बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू घरी बसली असतीस." त्यांनी बोंडलं वाटीत ठेवलं; वाटी कुठे आहे ते आधी बोटांनी पाहून घेतलं. "मी हिला पाडलं नाही हो, पद्मा. एकदाही नाही. उचलताना आधी जमिनीवर बसतो."

पद्मजाने नीलाला घेतलं आणि तिची मान पदराने पुसली. मग म्हणाली, "उद्याच जायचं डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यातला दिवस दिला. ऑपरेशननंतर डोळ्यांना पट्टी, पडून राहायचं, महिनाभर वजन उचलायचं नाही. नऊ महिन्यांची नात हे वजनच होतं.

शनिवारी संध्याकाळी पद्मजाचा नवरा श्यामकांत ऑफिसातून आला, चहा घेतला आणि कपबशी बाजूला सारली. श्यामकांत कर्णिक हा आवाज न चढवणारा माणूस होता. त्याला नाही म्हणायचं असलं की तो प्रश्न विचारायचा.

"अण्णांसाठी मी चार दिवस रजा टाकलीय, पुढे समोरचे बिऱ्हाडकरू त्यांच्याजवळ बसतील. ते झालं. आता सोमवारी नीला कुठे असेल?"

"शेजारच्या काकूंना विचारते."

"विचारलं मी. त्यांच्याकडे पाहुणे येतायत."

"मग..."

"मी नोकरी सोड म्हणत नाही, पद्मा. सोमवारी नीला कुठे असेल, एवढंच विचारतोय."

"साहेब कधीही येतील हो. याच महिन्यात. मी आठ दिवस गेले नाही तर मुली येणार नाहीत, आणि नेमके तेव्हा ते आले तर शाळाच गेली. मग जानेवारीत मी जाऊ कुठे?"

श्यामकांतने चष्मा काढून पुसला. "म्हणजे आठ दिवसांचा प्रश्न नाही."

"नाही."

"मग सोमवारी?"

रविवारी सकाळी पार्वती दारात पाटी उतरवून बसली. पापलेटं तिने फळीवर मांडली, पण पद्मजा भाव करेना. तेव्हा पार्वतीला शंका आली. आत अण्णा, बाहेर झोपाळ्यावर श्यामकांत, मधे रडवेली पद्मजा, आणि सगळी गप्प. पार्वतीनं पद्मजाला उंबऱ्याजवळ खेचलं आणि दोन मिनिटांत तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

"हात तुजे," ती म्हणाली. "बारा पोरं टांगलंस तू, तेरावीला दोर नाय?"

"तसं नाही गं पार्वती. मी तिथं नोकरीवर असते."

"मंग मी काय बाजारान नाचाया जातंय? माजं पोर तुजे शाळेन, आनि तुजी पोर घरान, आंधळे म्हाताऱ्याकडं."

"ऐकू येतंय मला," आतून अण्णा म्हणाले.

"ऐकाव म्हनूनच बोलतंय, बाबा."

श्यामकांत झोपाळ्यावरून उठला. "अहो पण खाडी ओलांडून? नऊ महिन्यांचं मूल होडीतून न्यायचं?"

पार्वतीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शेट, होडी बुडंल असं वाटतंय, तर तुजी बायको रोज जाते, ती कशी चालते तुला?"

श्यामकांतला यावर प्रश्न सुचला नाही. पार्वतीनं पापलेटांतलं एक सुरीने साफ केलं, ताटलीत टाकलं, म्हणाली, "हे पोरीच्या आजोबाला," आणि पाटी उचलून गेली.

सोमवारी पद्मजाने चपला पिशवीत टाकल्या, कारण हात रिकामा हवा होता. लहूने नीलाला दोन्ही हातांनी सावधपणे घेतलं, जाळ्याच्या वेटोळ्यात बसवलं, आणि सबंध खाडीभर तो एकदाही बोलला नाही.

तेरावी झोळी मागच्या कोपऱ्यात बांधली गेली. ती बांधताना पद्मजाने स्वतःशी एक नियम केला होता: मधल्या सुट्टीपर्यंत ती त्या कोपऱ्यात जाणार नाही. वर्गात ती शिक्षिका, नीला ही जयाच्या ताब्यातली आणखी एक. नियम करायला सोपा होता. पण अकरा वाजले की छाती दाटून यायची, पान्हा फुटायचा, आणि चोळीच्या आत ठेवलेली घडी भिजून जायची. मग ती "पाढे म्हणा" सांगून कोठीत शिरायची, दार लोटून घडी बदलायची आणि पुन्हा फळ्याशी येऊन उभी राहायची. मुलींना ते ठाऊक होतं. त्यांच्या वहिन्या, मावश्या हेच करत होत्या. कुणी हसत नव्हतं.

नीलाला तिथे येऊन नववा दिवस. अकराच्या सुमारास पद्मजा कोठीत होती. बाहेर तेराचा पाढा चालू होता आणि तेर सक अठ्ठ्याहत्तरवर तो बंद पडला. तिला वाटलं, कुणीतरी चुकलं असेल. मग धावल्याचे आवाज आले, कुजबुज, एक पाटी पडली. तिने घाईने पदर सारखा केला आणि दार उघडलं.

वर्गात पाच मुली होत्या. हाताची घडी, ताठ पाठी, डोळे समोर. बाकी सगळे बाक रिकामे. तुळईला तेरा दोर नुसते लोंबत होते. लुगडीसुद्धा सोडून नेली होती.

"कुठे गेल्या सगळ्या?"

"पोरं लपवाया गेल्या, बाय, एकेकाला दोघी," त्यातली सर्वांत धाकटी म्हणाली.

"लपवायला? कुणी सांगितलं?"

"लहूकाकानं रुमाल लावला."

पद्मजाने खिडकीतून पाहिलं. होडी वाळूला लागली होती आणि वल्ह्याच्या टोकाला लहूचा लाल रुमाल फडकत होता. वेसाव्याहून टोपी आणि कागदांची पिशवी असलेला कुणी अनोळखी माणूस होडीत बसला, की तरीवाल्याने वल्ह्याला रुमाल बांधायचा, आणि वाड्याने जे काय झाकायचं ते झाकायचं. ही मढची जुनी रीत. येणारा जकातीचा असो, दारूबंदीचा असो की जनगणनेचा, रीत तीच. बाईंच्या शाळेत झाकण्यासारखं काय आहे, ते मुलींना एका क्षणात कळलं होतं. तेरा पोरं. त्यांनी बाईंना वाचवलं होतं.

पडवीत साहेब उभे होते. हातात बूट, पायांना वाळू.

"आज सुट्टी आहे का, बाई?"

"नाही, साहेब."

साहेब खुर्चीत बसले, त्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या. "हजेरीपट बघू."

तिने तो दिला. आजच्या तारखेखाली तिच्याच अक्षरात एकतीस हजर. साहेबांनी आकडा वाचला, वर्गाकडे पाहिलं, पुन्हा आकडा वाचला.

"एकतीस. आणि समोर पाच."

"हो."

"दिवाळीआधीही तीस, एकतीस. रोज." त्यांनी पानं उलटली. आवाज तोच होता, फक्त हळू झाला होता. "बाई, कमी हजेरी एक वेळ समजू शकतो मी. खोटी नाही."

खरं सांगावं तर वर्गात तेरा तान्ही टांगलेली. ते कुठल्या नियमात बसणार? न सांगावं तर तिने हजेरी खोटी भरली. साहेबांनी वर पाहिलं.

"हे दोर कसले?"

"उड्या मारायचे, साहेब," धाकटी म्हणाली.

"छपराला बांधून?"

धाकटीने थोडा विचार केला. "उंच उड्या."

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिला वाचायला उभं केलं. ती धडा वाचू लागली, आणि त्याच वेळी बाहेर, समुद्राच्या बाजूला, एक मूल रडायला लागलं.

वाड्यात कुठेतरी सतत मूल रडतच असायचं. पण हे रडणं पद्मजाला आधी छातीत कळलं आणि मग कानाला. तिने फळ्याच्या चौकटीला हात टेकवला. धाकटी वाचत होती. साहेब ऐकत होते. रडणं वाढलं, टिपेला गेलं, मधे श्वास अडकल्यासारखं झालं, आणि एकदम थांबलं.

थांबलेलं तिला सोसवलं नाही.

"साहेब, मला बाहेर जायला हवं."

"तपासणी चालू आहे, बाई."

"माझी मुलगी रडत होती. आता थांबली."

"तुमची मुलगी? इथे?"

"हो," पद्मजा म्हणाली, "माझीही," आणि पडवी उतरून वाळूत धावली. चपला पिशवीतच राहिल्या.

बोंबलांच्या बांबूंपलीकडे रंगवायला आडवी ठेवलेली एक मोठी होडी होती. तिच्या आडोशाला सव्वीस मुली दाटीवाटीने उकिडव्या बसल्या होत्या. प्रत्येकीचं बोट ओठांवर, ज्यांच्याकडे पोर होतं त्यांचा दुसरा हात पोराच्या तोंडावर. त्यांच्या मधोमध मासळीच्या उलट्या पाटीवर जयाची चुलत वहिनी सुगंधा बसली होती, दीड महिन्याची बाळंतीण. तिचं स्वतःचं बाळ शेजारी फडक्यावर पडून हातपाय झाडत होतं. आणि तिच्या पदराखाली नीला होती. पायाची बोटं पसरून, डोळे मिटून, गटागटा पीत होती.

सुगंधाने पद्मजाला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाय, ऱ्हाववला नाय. रडून रडून निळी पडली व्हती. मी विचारलं नाय तुला." ती नीलाला सोडवू लागली. "तुमचे घरान चालंल का नाय, तेबी..."

"राहू दे," पद्मजा म्हणाली. "राहू दे, पिऊ दे तिला."

ती तिथेच वाळूत बसली. फडक्यावरचं बाळ आता केविलवाणं कुंई कुंई करत होतं. त्याची आई तर गुंतलेली. पद्मजाची चोळी पार भिजली होती. तिने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने नुसती मान डोलावली. पद्मजाने ते बाळ उचललं आणि पदराखाली घेतलं. ते इतकं हलकं होतं की तिला नीलाचे पहिले दिवस आठवले.

"बाय," जया पुटपुटली, "टोपीवाला."

साहेब होडीच्या टोकाशी येऊन पोचले होते. हातात हजेरीपट. त्यांनी मुली पाहिल्या, पोरं पाहिली, पाटीवरची सुगंधा आणि वाळूतली बाई पाहिली, आणि ताडकन पाठ फिरवली. काही वेळ ते तसेच समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. वाऱ्याने हजेरीपटाचं पान फडफडलं. त्यांनी ते अंगठ्याने दाबलं.

"बाई, ही मुलं कुणाची?" त्यांनी समुद्राला विचारलं.

"बारा या मुलींची भावंडं. एक माझी. त्यांना आणलं नाही तर मुलींना येता येत नाही. आणि हिला आणलं नाही तर मला. सुगंधाचा मुलगा शाळेतला नाही, तो आत्ताच..." ती थांबली.

"ते समजलं," साहेब घाईने म्हणाले. घसा खाकरला. मग पाठमोरेच राहून त्यांनी पट उघडला आणि पहिलं नाव वाचलं.

"हजर," होडीमागून आवाज आला.

दुसरं नाव. "हजर." तिसरं. तिसरीने हजर म्हटलं आणि तिच्या कडेवरचा भाऊही काहीतरी म्हणाला. साहेब एकेक नाव घेत होते, मुली एकेक करून उभ्या राहत होत्या, वाळू झटकत होत्या. जयाने हजर इतक्या मोठ्याने म्हटलं की तिच्या काखेतला माणिक दचकला. शेवटचं नाव संपलं तेव्हा सव्वीस झाल्या होत्या. साहेबांनी बोटांवर पुन्हा पाच मिळवले.

"एकतीस," ते म्हणाले. "मी वर्गात थांबतो. तुमचं आटोपलं की या. घाई नाही."

वर्गात त्यांनी एक तास परीक्षा घेतली. जाताना शेरेबुकात लिहिलं आणि ते पद्मजासमोर ठेवलं. हजेरी समाधानकारक, खात्री करून घेतली. शाळा पुढे चालू ठेवावी. त्याखाली आणखी एक ओळ होती: वर्गाच्या खोलीत तान्ही मुले ठेवू नयेत.

"साहेब, मग पुन्हा आठच येतील."

"बाई, माझ्यावरही लोक आहेत. छपराला टांगलेली मुलं मी कागदावर कशी मांडू?" त्यांनी बूट काढले आणि हातात घेतले. "मी वर्गाची खोली म्हटलंय. त्याच्या पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. बऱ्याच जणी आहात."

चार वाजेपर्यंत बाजारातून आया परतल्या आणि पडवीत बैठक भरली. पार्वतीनं शेरेबुकातली ओळ जयाकडून दोनदा वाचून घेतली. मग ती शाळेला लागून असलेल्या खोपीपाशी गेली आणि आत डोकावली.

"जाळी बाहेर काढा," ती म्हणाली. "पोरं हितं. आमची म्हातारी बसंल."

म्हातारी, म्हणजे दिवसभर बांबूंवरचे बोंबील राखत बसणारी पार्वतीची सासू, म्हणाली, "मना कोनी विचारलंय?"

"आता विचारतंय."

"बसंन," म्हातारी म्हणाली. "पन तंबाकू तुमी द्यायची."

त्या संध्याकाळी पद्मजाने घरी सगळं सांगितलं. तपासणी, रुमाल, होडीमागची हजेरी. सुगंधाशी आली आणि अडखळली. अण्णा डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर पडले होते. श्यामकांत खिडकीत होता. शेवटी तिने एका दमात सांगून टाकलं, की नीलाला सुगंधाने पाजलं, आणि मी तिच्या मुलाला.

मग अण्णांनी विचारलं, "पोट भरलं का पोरीचं?"

"भरलं, अण्णा."

"मग झालं."

श्यामकांतने नीलाला उचललं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, जणू काही वेगळं दिसतंय का ते बघत होता. "आईला मी सांगीन," तो म्हणाला. "तू लिहू नकोस. मी सांगीन." आणि थोड्या वेळाने, "ती खोप पक्की आहे का?"

"बघायला या."

तो खरंच आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसचे बूट, कोट, छत्री अशा थाटात तो लहूच्या होडीत बसला आणि दोन्ही हातांनी कड धरून राहिला. लहू म्हणाला, "शेट, सोडा वायच, होडी तुमी नाय धरली तरी चालते." खोपीत त्याने नीलाच्या झोळीचा दोर स्वतः बांधला, सोडला, पुन्हा बांधला, गाठ ओढून पाहिली.

म्हातारी तंबाखू मळत बघत होती. "अरं, तूच बस आत. तू नाय पडलास तर ती नाय पडायची."

तो परतीच्या होडीने गेला. ऑफिसात उशीर झालेला त्याच्या नोकरीतला तो पहिला दिवस होता.

शाळा भरली. पद्मजा हजेरी घेऊ लागली. चौथ्या नावाला भिंतीपलीकडे एक मूल रडलं. तिची लेखणी थबकली. तिने कान दिला, तिचं नव्हतं. जया बाकावरून अर्धी उठली होती.

"बस, जया," पद्मजा म्हणाली. "आजी आहेत तिथे."

जया बसली. पद्मजाने पुढचं नाव वाचलं.